रांगेतली तिसरी जागा

रोझलीन पाटी उचलायची तेव्हा बघत राहावं. डोक्यावर कपड्याची चुंबळ. एक गुडघा जमिनीला, दुसरा उभा. पाटी आधी उभ्या गुडघ्यावर, तिथून छातीशी, तिथून डोक्यावर. तीन टप्पे, मध्ये कुठे थांबणं नाही. कुणी मदतीला हात पुढे केला की म्हणायची, "राहू दे. दोघांनी उचललं की सांडतं."

पाचूबंदरच्या धक्क्यावर लिलावात मासळी घ्यायची, टेम्पोत चढवायची, वसईच्या बाजारात उतरवायची आणि टेम्पोपासून आपल्या जागेपर्यंत डोक्यावरून न्यायची. लग्न होऊन आल्यापासून हे काम तिने केलं. हमाल लावता आला असता. लावला नाही. वाटेत कुठे टेकवली तर पाटी आपली राहत नाही, असं काहीतरी तिच्या मनात होतं. बोलून दाखवलं नाही कधी.

बाजारातल्या रांगेत तिची जागा तिसरी. नळ जवळ, ऊन दुपारनंतर. ही जागा सासूने तिला दिली आणि सासूला तिच्या सासूने. पालिकेची पावती रोज फाडली जाते, पण ती झाली पालिकेची. रांगेचा कायदा रांगेचा असतो. जागेवर घरचं कुणीतरी बसलं पाहिजे. पगारी बाई बसवायची नाही, जागा भाड्याने लावायची नाही. आठवडाभर जागा रिकामी राहिली तर म्हाताऱ्या बसून ठरवतील, ती कुणाला द्यायची. आणि एखादीच्या अंगावर खरूज-गजकर्णासारखं काही लागणारं उठलं, तर तिने बरं होईपर्यंत मासळीला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम रोझलीन सगळ्यांत कडक पाळायची. तिने स्वतः दोघींना घरी पाठवलं होतं. एक रडली होती. रोझलीनने तिला घरपोच मासळी दिली, पण बसू दिलं नाही.

घरात तिच्याशिवाय बसणारं कुणी नव्हतं. नवरा पास्कल आयुष्यभर खलाशी. गुडघे गेले तेव्हा होडीवरून उतरला, आता अंगणात बसून लोकांची फाटकी जाळी सांधतो. मुलगा जोएल बायकोला घेऊन जूचंद्रच्या फ्लॅटमध्ये राहतो, दोघं नोकरीला अंधेरीला. ती दोघं बाजारात बसणार नाहीत हे रोझलीनने केव्हाच गृहीत धरलं होतं. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. पण मग जागा उरली ती तिच्या एकटीच्या जिवावर.

पावसाळ्याची बंदी उठली, होड्या परत समुद्रात गेल्या, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या चौथ्या जागेवर मनोरमा बसते, अर्नाळ्याची. रोझलीन पाटी उतरवत होती आणि चुंबळ केसांतून सरकली.

"थांब गो," मनोरमा म्हणाली. "हलू नको."

"काय? खवला चिकटला?"

"खवला नाय. केसच नाय."

टाळूच्या मागे नाण्याएवढी जागा उघडी पडली होती. शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी गुळगुळीत. ना फोड, ना खाज.

"चाई पडली तुला," मनोरमाने जाहीर केलं.

मग रांगेने औषधं सांगितली. कुणी म्हणालं, किडा असतो, तो केसांची मुळं खातो. लसूण चोळ. कुणी कांद्याचा रस सांगितला, कुणी खोबरेल तेलात कालवलेली कसली तरी राख. एकीचं म्हणणं, पाटीनेच खाल्ले, इतकी वर्षं वजन वाहिलं की दुसरं काय होणार. रोझलीनने सगळं केलं आणि जेवढं सांगितलं त्याच्या दुप्पट केलं. लसूण इतका चोळला की कातडी भाजून फोड आले. फोड बरे झाले. चाई तशीच. तिच्या शेजारी दुसरी पडली, कानामागे तिसरी. नाताळचे आकाशकंदील दुकानांत लागायच्या आत दोन चट्टे एकमेकांना मिळाले आणि डावी भुवई अर्धी पुसली गेली.

रोझलीन रुमाल बांधून बसू लागली. गिऱ्हाईक मासळीकडे बघण्याआधी रुमालाकडे बघू लागलं.

पाचव्या जागेवर रीटा. तिची सून नवीन लग्न होऊन आलेली, सासूच्याच जागेत अंग चोरून बसायची. रीटाला जागा हवी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात वाईट काही नाही, सुनेचा संसार लावायचा म्हणजे जागा पाहिजेच. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर रीटा सगळ्यांसमोर म्हणाली, "रोझलीन, तू मोठी हायस. तूच सांग. नियम काय हाय?"

रोझलीनने हातातला कोयता ठोकळ्यावर आडवा ठेवला.

"हे लागनारं नसंल तर?"

"नसंल तर बस. पन कोन सांगनार, लागनारं नाय म्हनून? तू?"

तिने घरी पाठवलेल्या दोघींनीही तिला हेच विचारलं असतं.

पहिल्या जागेवर बेर्ता मावशी बसते. रांगेत तिच्याहून म्हातारी कुणी नाही. तिने तोंडातला विड्याचा चोथा थुंकून निकाल दिला, "डॉक्टरला दाखव. बरोबर मनोरमाला ने. ती डोळ्यांनी बघून येईल आनि आमाला सांगंल. तोवर रुमाल घट्ट बांध."

दोघी गेल्या. कातडीची डॉक्टर तरुण होती, वसई स्टेशनजवळ दवाखाना. तिने भिंगातून टाळू बघितली, एक-दोन केस चिमटीत धरून ओढले, नखं बघितली. मग म्हणाली, "मावशी, हा किडा नाही आणि पाटीचा दोषही नाही. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात, बाहेरून रोग शिरला तर त्याच्याशी लढायला. कधीकधी त्या चुकतात. घरच्याच माणसाला चोर समजतात. तुमच्या राखणदारांनी केसांच्या मुळांवर हल्ला केलाय."

"लागतं काय हे दुसऱ्याला?" मनोरमाने विचारलं. ती त्यासाठीच आली होती.

डॉक्टरने हातमोजा काढला आणि उघडा तळवा रोझलीनच्या चाईवर ठेवला. ठेवून बोलत राहिली. "लागत असतं तर असा हात ठेवला असता का मी?"

मनोरमाने तो हात नीट बघून घेतला.

चट्टे भराभर पसरत होते म्हणून डॉक्टरने पोटातून स्टिरॉइडची गोळी द्यायचं ठरवलं. आधी रक्त तपासलं, साखर बघितली, दाब बघितला. मग समजावलं. गोळी सकाळी, पोटभर न्याहारी करून. भूक वाढेल, तोंड सुजेल, झोप उडेल. गोळी राखणदारांना शांत करते, तोवर केस येतील अशी आशा. गोळी कमी केल्यावर पुन्हा जाणारच नाहीत असं वचन ती देत नव्हती. मीठ कमी.

"मीठ कमी?" रोझलीन म्हणाली. "डॉक्टरबाई, मी सुक्या बोंबलाच्या घरातली हाय. आमचं अंगन खारट, पानी खारट, नवरा खारट."

"नवरा चालेल," डॉक्टर म्हणाली. "बोंबील कमी करा." मग हसू आवरून तिने बोट उगारलं. "आणि एक गोष्ट. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. मी सांगेन तशी, हळूहळू उतरवायची. एकदम नाही म्हणजे नाही."

का नाही, हेही तिने सांगितलं. पण रोझलीनचं डोकं अजून मिठातच होतं.

मनोरमाने रांगेत साक्ष दिली. "हात ठेवला डॉक्टरनीने. उघडा. या डोळ्यांनी बघितला. आनि त्याच हाताने मग तिने फोन उचलला, धुतलासुदिक नाय." बेर्ता मावशी म्हणाली, "मग बसू दे." रीटाने मान हलवली. पटलं होतं का, ते तिने सांगितलं नाही.

घरी पास्कलला गोळीचं नाव कळलं तेव्हा तो हातातलं जाळं टाकून उठला. "स्टिरॉइड? ते जिमची पोरं खातात दंडासाठी. तू काय कुस्ती खेळनार?"

"खेळले तर पहिला तुला आपटीन," रोझलीन म्हणाली आणि चपाती मागितली. भूक आलीच होती. पहाटे धक्क्यावर जाण्याआधी ती दोन माणसांचं खाऊ लागली. रात्री झोप येईना तर उठून भांडी घासू लागली. राग नाकावर. तोंड गोल होत गेलं, डोळे बारीक झाले.

"तुझं तोंड पापलेटासारखं झालंय," पास्कल म्हणाला.

"पापलेट सगळ्यांत महाग जातं."

नाताळ झाला आणि टाळूवर काहीतरी उगवलं. पांढरं, मऊ, धुरासारखं. मनोरमाने बोट फिरवून बघितलं आणि ओरडली, "आले गो! कोंबडीच्या पिल्लागत आले!" अख्ख्या रांगेने येऊन हात फिरवला. बेर्ता मावशीनेही. रीटा आली नाही, पण तिची सून आली.

ज्या बाईने आरसा फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाताना बघितला होता, ती आता येता-जाता बघू लागली. कपाटाचा आरसा, रिक्षाचा आरसा, दुकानाची काच. पांढऱ्या लवेवर बोट फिरवायची. डॉक्टरने पहिल्यांदा गोळी थोडी उतरवली तरी लव टिकली. रोझलीनला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचाच संशय येऊ लागला.

मग राखेचा बुधवार आला, इस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बायका बाजारात बसल्या. उपवासकाळात मटण-कोंबडी बंद, त्यामुळे मासळीला मागणी. रांगेत वर्षाचा सगळ्यांत जोराचा धंदा याच दिवसांत. आणि याच दिवसांत प्रत्येकाने एक आवडीची गोष्ट सोडायची, इस्टरपर्यंत. रांगेत त्याचीच चर्चा.

"मी चहा सोडला," रीटा म्हणाली.

"तू कुठं चहा पितेस? तू कॉफीवाली," मनोरमा म्हणाली. ती हिंदू, पण तिला सगळ्यांचा हिशेब ठाऊक.

"पास्कलने तंबाखू सोडली," रोझलीन म्हणाली. "दर वर्सी सोडतो. इस्टरला दुप्पट खातो."

"आनि तू?"

रोझलीन पापलेटांवर पाणी मारू लागली. सकाळी फादर गॅब्रिएल प्रवचनात म्हणाले होते, जी गोष्ट सुटता सुटत नाही ती देवाला द्या. जी सहज सुटते ती देऊन देवाला फसवू नका. हे तिला नेमकं लागलं होतं. ती अर्ध्या वजनाची पाटी उचलणारी बाई नव्हती. यंदा तिचा जीव कशात अडकलाय हे शोधायला तिला वेळ लागला नाही. केसांत. आणि केस गोळीत.

दुसऱ्या दिवशी तिने न्याहारी केली आणि गोळ्यांचं पाकीट घरातल्या वेदीवर, क्रूसाच्या मागे सारून ठेवलं. इस्टरला काढीन, म्हणाली. डॉक्टरचं बोट तिला आठवलं नाही असं नाही. पण डॉक्टर केसांबद्दल बोलत होती, असं तिने धरलं. केस गेले तर जाऊ देत, त्यागच तर करायचा होता. पास्कलला सांगितलं नाही. सांगितला की त्याग फुकट गेला.

पहिले दिवस बरे गेले. तिला आपलं कौतुक वाटलं. मग सांधे धरले. मग अन्नावरची वासना उडाली, जिला इतके महिने भूक आवरत नव्हती तिची. सकाळी ओकारी. हे उपवासाने होतंय, असं म्हणत तिने पाटी उचलली. रोज उचलली. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये थांबावं लागतंय हे तिला कळत होतं. कुणाला दिसू नये म्हणून ती पदर खोचल्यासारखं करायची.

मग एका शुक्रवारी बाजारात टेम्पो लागला, तिने बोंबलाची पाटी घेतली आणि रांगेकडे निघाली. दुसऱ्या जागेपर्यंत आली आणि पायांतलं सगळं बळ निघून गेलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. अशा वेळी माणूस पाटी सोडतं आणि हात टेकतं. रोझलीनने तसं केलं नाही. ती जागच्या जागी गुडघ्यावर बसली, पाटी डोक्यावरून छातीशी घेतली, छातीवरून जमिनीवर ठेवली, सरळ ठेवली, आणि मग तिच्या शेजारी आडवी झाली.

"बाई पडली, बोंबील नाय पडला," मनोरमा पुढे कितीतरी दिवस सांगत असे.

इस्पितळात दाब फार खाली गेलेला. सलाईन लावलं. संध्याकाळी कातडीची डॉक्टर आली.

"गोळी घेताय ना, मावशी?"

रोझलीनने छताकडे बघितलं.

"मावशी?"

"देवाला दिली."

सोबत आलेल्या मनोरमाने कपाळावर हात मारला. पास्कल खाटेच्या कडेला बसला होता तो उभा राहिला. डॉक्टर मात्र रागावली नाही. तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"तुमच्याकडे विहीर आहे?"

"हाय. अंगनात."

"समजा रोज टँकर यायला लागला. मग विहीर कुणी उपसत नाही. झरे बुजतात. बरोबर? तुमचं अंगही ही गोळी स्वतः बनवतं, थोडी थोडी. दाब राखायला, ताकद राहायला. आम्ही बाहेरून टँकर लावला, म्हणून अंगाने बनवणं थांबवलं. तुम्ही एका दिवसात टँकर बंद केलात. विहीर कोरडी. केस राहिले बाजूला, तुमचा जीव गेला असता."

विहिरीचं तिला कळलं. अंगणातली विहीर पुन्हा वाहती करायला पास्कलने किती उन्हाळे गाळ काढला होता, तेही तिला ठाऊक होतं.

"म्हंजे हळूहळू," ती म्हणाली.

"हळूहळू. आणि इस्टरपर्यंत पाटी नाही."

"रिकामीसुदिक?"

"रिकामीसुद्धा."

रविवारी मिस्सा आटोपून फादर गॅब्रिएल आले. त्यांना पास्कलने सगळं सांगितलं होतं. त्यांनी आधी प्रार्थना केली, मग खुर्ची ओढली.

"रोझलीन, आजाऱ्याला उपवास माफ असतो. हे तुला लहानपणापासून माहीत आहे."

"मी आजारी नव्हते, फादर. केस गेले होते."

फादर म्हणाले, "मी प्रवचनात बोललो ते तू माझ्याहून नीट ऐकलंस. आता हेही ऐक. गोळी वेळेवर घ्यायची आणि पडून राहायचं. इस्टरपर्यंत हाच तुझा त्याग."

"पडून राहन्यात काय त्याग?"

"राहून बघ," फादर म्हणाले.

संध्याकाळी जोएल आला. आईचं सुजलेलं तोंड आणि उघडी टाळू बघून त्याचे डोळे भरले. त्याने तिचा हात धरला. "मम्मी, सोड ना आता ती जागा. कशाला टेन्शन? रीटाआंटीच्या सुनेला देऊन टाक. आमच्याकडे येऊन राहा. लिफ्ट आहे, सगळं आहे."

तो मनापासून बोलत होता. रोझलीनने हात सोडवला नाही, पण तोंड भिंतीकडे केलं. शुक्रवारपासून जागा रिकामी होती. पुढच्या शुक्रवारी म्हाताऱ्या बसतील आणि ठरवतील. ठरवतील ते बरोबरच असेल. तिथे ती असती तर तिनेही तेच ठरवलं असतं. पास्कल दाराशी उभा राहून ऐकत होता. तो घरी गेला.

सोमवारी सकाळी तो डबा घेऊन आला नाही. डबा रिक्षावाल्याने आणून दिला. रोझलीन काळजीत पडली. तेवढ्यात मनोरमाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी मनोरमाची हनुवटी, मग बाजाराचं छप्पर, मग रांग.

"बघ गो," मनोरमा हसून हसून बोलू शकत नव्हती. "बघ कोन बसलाय!"

तिसऱ्या जागेवर पास्कल होता. मांडी घालून, जाळं सांधायला बसतो तसा. पुढ्यात पापलेटं, थोडी कोलंबी, हातात रोझलीनचा कोयता. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"काय रे पास्कल, लुगडं आनू काय तुला?" कुणीतरी ओरडलं.

"आन. हिरवं आन," पास्कल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

रीटा उभी राहिली. "बेर्ता मावशी, हे चालतं काय? रांगेत बाप्या?"

फोन बेर्ता मावशीकडे वळला. ती विडा चघळत होती. घाई तिला कधीच नव्हती.

"घरचं कोनीतरी बसावं, एवढं ठरलंय," ती म्हणाली. "पास्कल घरचा हाय. बाप्याने बसू नये असं कोनी ठरवलं नाय. कसं ठरवनार? कोनी बसलाच नाय आजपर्यंत." मग पास्कलकडे वळून, "पाटी कोनी आनली?"

"मीच," पास्कल म्हणाला. "दोन खेपांत. अर्धी अर्धी."

"हमाल नाय?"

"नाय."

"मग बस."

खाटेवर रोझलीन उठून बसली होती. सलाईनची नळी ताणली गेली तशी नर्स ओरडली. रोझलीनचं लक्ष नव्हतं. पास्कलचे गुडघे तिला माहीत होते. रिकाम्या अंगाने उठतानाही तो खांबाला धरतो. तो पाटी घेऊन दोनदा आला आणि गेला.

"मनोरमा, फोन जवळ ने," ती म्हणाली. आणि मग मोठ्याने, "पास्कल! कोयता असा धरतात काय? रस्सी कापतोस काय रे?"

रांगेत हशा फुटला. पास्कलने मान वर केली नाही, पण कोयता नीट धरला.

त्याने आयुष्यभर मासळी पकडली होती, विकली एकही नव्हती. पुढचे दिवस रोझलीन खाटेवरून, मग घरच्या बाजेवरून त्याला फोनवर शिकवत राहिली. खवले शेपटीकडून काढ. पानी थोडं मार, न्हाऊ घालू नको. भाव एकदम खाली आनू नको. त्याच्यात एक खोड होती ती मात्र गेली नाही. गिऱ्हाईकाने विचारलं तर तो खरं सांगायचा.

"काका, हे ताजं आहे ना?"

"हे काल रातचं. ते बाजूचं परवाचं, बर्फातलं. ते नका घेऊ."

मनोरमा डोक्याला हात लावायची. पण ते गिऱ्हाईक दोन दिवसांनी पुन्हा यायचं आणि सरळ तिसऱ्या जागेपुढे उभं राहायचं. रीटाने हे बघितलं. पुढचा शुक्रवार आला आणि गेला, म्हाताऱ्या बसल्या नाहीत.

बाजेवर पडून राहणं रोझलीनला जमलं नाही असं नाही, पण फार कष्टाने जमलं. पास्कल पहाटे धक्क्यावर जायला निघाला की तिचे हात आपोआप चुंबळ शोधायचे. ती हात मांडीखाली दाबून ठेवायची. न्याहारी पोटभर करायची, कपाळाला क्रूस करायची, गोळी घ्यायची. एवढंच काम. फादर म्हणाले त्यात तथ्य होतं. असा जड उपवास तिने केला नव्हता.

इस्टर झाला. डॉक्टरने तपासलं. बसायला परवानगी दिली, उचलायला नाही. गोळी आणखी उतरवली. "केसांचं काय, मावशी, ते बघत राहू," ती म्हणाली. टाळूवरचे केस टिकले होते, पांढरे, बोटाच्या पेराएवढे. कानामागची चाई मात्र पुन्हा उघडी पडत होती आणि भुवई आलीच नव्हती.

"दुसरी औषधंही आहेत. गोळी काही जन्मभर देता येत नाही."

"नको द्यायला," रोझलीन म्हणाली. "आले तेवढे आले. तुम्ही उतरवा. तुम्ही म्हनाल तशी उतरवा."

त्यानंतरच्या सोमवारी ती बाजारात गेली. टेम्पोपासून जागेपर्यंत पास्कल पुढे, अर्धी पाटी घेऊन. ती मागून रिकाम्या हाताने. एवढ्या वर्षांत ती या वाटेने रिकाम्या हाताने कधी चालली नव्हती. पास्कलचा डावा गुडघा बाहेर पडत होता. तिने एकदाही हात लावला नाही. त्याला चाललं नसतं.

बायका उठून उभ्या राहिल्या. बेर्ता मावशी बसूनच म्हणाली, "आलीस? बस." रोझलीन बसली. पास्कलने मांडलेल्या पापलेटांची तोंडं तिने एका दिशेला वळवली. पास्कल दुसरी खेप आणायला गेला.

एप्रिलचा उकाडा. थोड्या वेळाने तिने रुमाल सोडला, त्याने हात पुसले आणि तो बाजूला ठेवला. पांढरे आखूड केस, मध्ये मोकळी कातडी, अर्धी भुवई, सुजलेलं गोल तोंड. तशीच बसली.

पहिलं गिऱ्हाईक नवीन होतं, फ्लॅटमधली तरुण बाई, खांद्याला कापडी पिशवी. सुरमईकडे वाकली, वर बघितलं आणि हात मागे घेतला.

रोझलीनने तोंड उघडलं. तिच्याआधी पाचव्या जागेवरून आवाज आला.

"ओ ताई," रीटा म्हणाली, "ती चाई हाय. लागत नाय कोनाला. डॉक्टरनीने उघडा हात ठेवलाय त्याच्यावर, आमची मनोरमा साक्षीला हाय. आनि या बाजारात हिच्याहून चोख मासळी कोन देत नाय. माझ्याकडंसुदिक नाय मिळनार. घ्या."

रीटा आपल्या कोलंबीवर पाणी मारू लागली. रोझलीनने तिच्याकडे एकदा बघितलं. मग सुरमई उचलून ठोकळ्यावर घेतली, कोयत्याला धार आहे का ते अंगठ्याने बघितलं.

"तुकडे जाड करू का पातळ?"

बाईने पिशवी खांद्यावरून खाली घेतली.

"जाड करा," ती म्हणाली. "आणि डोकं पण द्या."